किमोनोतली आव्हानवीर

बिलियर्ड्स म्हटलं की आपल्याला आठवतात विल्सन जोन्स. पुण्यात जन्मलेल्या या खेळाडूनं १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवलं. त्याच्या सहा वर्षं आधी, तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत, एक जपानी बाई पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत क्यू घेऊन उभी राहिली होती. तिचं नाव मासाको कात्सुरा. या खेळाच्या जागतिक अजिंक्यपदासाठी पुरुषांशी सामना खेळलेली ती पहिली स्त्री. आज मला तिच्याविषयी सांगायचं आहे.

त्याआधी खेळाविषयी थोडं. जोन्स खेळत त्या टेबलाला सहा पॉकेटं असतात. पूलच्या टेबलालाही असतात. मासाको खेळायची त्या कॅरम बिलियर्ड्सच्या टेबलाला मात्र एकही नसतं. टेबलावर चेंडू तीनच. आपला चेंडू क्यूनं मारायचा आणि तो उरलेल्या दोन्ही चेंडूंना लागला की एक गुण. याचा अवघड प्रकार म्हणजे थ्री कुशन. त्यात दुसऱ्या चेंडूला लागण्याआधी आपला चेंडू टेबलाच्या कडांवर निदान तीनदा आपटावा लागतो. कॅरमवर रिबाउंड मारणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल!

मासाकोचा जन्म १९१३ चा, तोक्योतला. वडील लवकर गेले. ती थोरल्या बहिणीच्या घरी राहू लागली. मेव्हण्यांचा बिलियर्ड्सचा अड्डा होता. तिथे काम करता करता, तेराव्या-चौदाव्या वर्षी, तिच्या हाती क्यू आला. पंधराव्या वर्षी ती जपानची महिला विजेती झाली. पुढे किनरे मात्सुयामा या नामवंत खेळाडूनं तिला शिकवलं. जपानच्या राष्ट्रीय थ्री कुशन स्पर्धेत, पुरुषांच्या बरोबरीनं खेळून, ती तीनदा उपविजेती ठरली. एका प्रदर्शनीय खेळात तिनं साध्या प्रकारात सलग १०,००० गुण केले. साडेचार तास ती तिन्ही चेंडू एकमेकांजवळ ठेवत, अलगद टोलवत, टेबलाच्या कडेकडेनं फिरवत राहिली. तीन-तीन चेंडू इतका वेळ आज्ञेत ठेवायचे म्हणजे हात केवढा हलका हवा, आणि मन केवढं स्थिर!

युद्ध संपलं. अमेरिकी सैन्य जपानात आलं. सैनिकांसमोर तिचे खेळ होऊ लागले. व्हर्नन ग्रीनलीफ हा अमेरिकी सैनिक तिच्याकडे खेळ शिकायला येई. १९५० मध्ये दोघांचं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी ती त्याच्याबरोबर अमेरिकेला गेली. माजी जगज्जेते वेल्कर कॉक्रन यांच्या कानावर तिची कीर्ती आधीच गेली होती. १९५२ ची जागतिक स्पर्धा त्यांच्याच क्लबात भरायची होती. त्यांनी आधी तिचा खेळ पाहिला, आणि मगच प्रवेशाचं ठरलं. ही परीक्षा तिच्या वाट्याला आली आणि ती त्यात उतरली.

वृत्तपत्रांना मात्र कात्सुराबाईंच्या खेळाइतकंच अप्रूप होतं त्यांच्या किमोनोचं आणि पाच फूट उंचीचं. १९५९ मध्ये त्या टेलिव्हिजनच्या ‘व्हॉट्स माय लाइन’ या कार्यक्रमात आल्या. पाहुण्याचा व्यवसाय ओळखायचा, असा तो खेळ. एखादी बाई बिलियर्ड्सवर पोट भरत असेल हे कुणाच्या मनात येणार नाही, यातच त्या कोड्याची गंमत होती. मला ती गंमत थोडी बोचते.

कारण निकाल वेगळं सांगतात. १९५२ च्या स्पर्धेत दहा खेळाडू होते. विजेते ठरले चौसष्ट वर्षांचे विली हॉपे. कात्सुराबाई सातव्या स्थानावर, तेही बरोबरीत. पुढच्या वर्षी शिकागोत त्या पाचव्या आल्या. १९५४ मध्ये ब्युनोस आयर्सला चौथ्या. सात, पाच, चार! शोभेसाठी बोलावलेल्या पाहुणीची ही चढण नव्हे. दर वर्षी एक-दोन पुरुषांना मागे टाकत जाणाऱ्या व्यावसायिक खेळाडूची ही चढण आहे.

आणि नेमकी इथेच वाट संपली. अमेरिकेत बिलियर्ड्सला उतरती कळा लागली होती. प्रेक्षक आटले, मोठ्या स्पर्धा दुर्मीळ झाल्या. १९५४ चे विजेते हॅरॉल्ड वर्स्ट यांच्याशी अजिंक्यपदासाठी लढायची संधी कात्सुराबाईंना मिळाली ती १९६१ मध्ये. तोवर त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या झाल्या होत्या. त्या हरल्या, आणि हळूहळू लोकांच्या नजरेआड गेल्या. त्या जगज्जेत्या का झाल्या नाहीत, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, खेळ कमी पडला असं नाही. ऐन उमेदीत खेळायला मैदानच उरलं नाही.

१९७६ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बिलियर्ड्सच्या अड्ड्यावर अचानक आल्या. कुणाचा तरी क्यू मागून घेतला, सलग शंभर गुण केले, हसून जपानी पद्धतीनं वाकून अभिवादन केलं आणि निघून गेल्या. त्याच साली अमेरिकेत पूल आणि बिलियर्ड्स खेळणाऱ्या व्यावसायिक स्त्रियांची संघटना उभी राहिली आणि तिनं आपल्या सन्माननीय खेळाडूंच्या यादीत कात्सुराबाईंचं नाव घातलं. उतारवयात त्या मायदेशी परतल्या. १९९५ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

पुढे या संघटनेच्या स्पर्धा सुरू झाल्या, बक्षिसं आली, मुलींना हा पेशा म्हणून निवडता येऊ लागला. कात्सुराबाईंना त्यातलं काहीच मिळालं नाही. त्यांच्या मागून येणारीला मात्र ‘बाईला हे जमेल का?’ या प्रश्नाचं उत्तर नव्यानं द्यावं लागलं नाही. ते सॅन फ्रान्सिस्कोत १९५२ सालीच देऊन झालं होतं.