संवादचौकटींचा स्तरक्रम : एक ऐतिहासिक आढावा
(केम, जि. सोलापूर येथील ग्रामीण वापरकर्त्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकू-निर्मितीसाठी प्रसिद्ध असून ते मध्य रेल्वेच्या दौंड-सोलापूर मार्गावर वसलेले आहे. कुंकवाच्या मालाची पावती असो वा शेतीचा सातबारा, अशा गावांतील व्यवहाराचे कागद आता संगणकातून निघतात. काम चालू असता आज्ञावली एकाएकी प्रतिसाद देईनाशी होते. संगणक अडकला, असे समजून वीज बंद केली जाते व जतन न केलेली माहिती नष्ट होते. वस्तुतः अनेकदा यंत्र सुस्थितीत असते. त्याने विचारलेला प्रश्न, म्हणजेच संवादचौकट, मुख्य खिडकीच्या मागे दडलेली असते. या दोषाचे मूळ शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

टेबलावरील कागदांप्रमाणे एकमेकींवर रचलेल्या खिडक्यांची कल्पना अमेरिकेतील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी साकारली. 1983 मध्ये ॲपलच्या लिसा व 1984 मध्ये मॅकिंटॉश संगणकाने ती बाजारात रूढ केली. मायक्रोसॉफ्टच्या 1985 मधील पहिल्या विंडोजमध्ये मात्र खिडक्या फरशांप्रमाणे शेजारी-शेजारी मांडल्या जात. केवळ संवादचौकटी त्यांच्यावर येत. 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर येऊ लागल्या आणि वर कोणती, खाली कोणती, हा स्तरक्रमाचा प्रश्न निर्माण झाला.

पुढे आज्ञावल्या आगंतुकपणे पुढे येऊन वापरकर्त्याच्या टंकलेखनात व्यत्यय आणू लागल्या. त्यामुळे विंडोज 98 व विंडोज 2000 पासून त्यांच्या या स्वातंत्र्यावर बंधने आली. परवानगी नसलेली खिडकी मागेच राहते व तळपट्टीवरील तिचे बटण लुकलुकते. हा उपाय रास्त होता. परंतु लुकलुकणाऱ्या बटणाचा अर्थ ठाऊक नसलेल्याला तो प्रश्न दिसतच नाही. 2001 मध्ये ॲपलच्या मॅक ओएस टेन प्रणालीने संवादचौकट तिच्या खिडकीलाच जोडून वेगळा मार्ग दाखविला.

दोषाची मीमांसा व निवारण

विंडोजमध्ये प्रत्येक संवादचौकटीची मालक-खिडकी सांगता येते. ती योग्य सांगितल्यास चौकट मालकाच्या मागे जाऊ शकत नाही. आज्ञावलीकाराने मालक सांगितलाच नाही वा चुकीचा सांगितला, तर चौकट मागे पडण्याची शक्यता निर्माण होते. इकडे आज्ञावली उत्तराची वाट पाहत थांबते. 'सदैव वर' हा गुणधर्म देणे हा खरा उपाय नव्हे, कारण ती चौकट मग इतर सर्व कामांवरही अतिक्रमण करते.

वापरकर्त्याने प्रथम आल्ट व टॅब या कळांनी उघड्या खिडक्या पाहाव्यात आणि मुख्य खिडकी लहान करता येत असल्यास करून पाहावी. चौकट पडद्याबाहेर गेली असल्यास ती निवडून आल्ट व स्पेसबार एकत्र दाबावे, नंतर 'एम' दाबून बाणांच्या कळांनी ती आत आणावी. वीज बंद करणे हा अखेरचा उपाय होय.

ग्रामीण संदर्भ

2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक साक्षरता खेड्यापाड्यांत नेली. 1 मे 2018 रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. स्वाक्षरीच्या उपकरणाचा गुप्तांक विचारणारी चौकट जर मागे दडली, तर संगणकापुढील कर्मचारी थांबतो आणि त्याच्यासमोर रांगेत उभा असलेला शेतकरीही थांबतो. अशा वेळी 'वापरता येत नाही' हा ठपका मात्र कर्मचाऱ्यावर येतो.

निष्कर्ष

संवादचौकट मागे दडणे हा बव्हंशी रचनेचा दोष असून त्याचे उत्तरदायित्व प्रथम आज्ञावलीकाराकडे जाते. आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी शासकीय कार्यालयांनी ही बाब तपासावी आणि प्रशिक्षणात दडलेली चौकट शोधण्याचा सराव समाविष्ट करावा. केमसारख्या गावात तज्ज्ञ येईपर्यंत दिवस वाया जाऊ शकतो. तेथे दोन कळांचे हे ज्ञान मोलाचे ठरेल.