बलात्कारपीडितेवरील दोषारोप

बलात्कारपीडितेवरील दोषारोप : लैंगिक अत्याचाराची जबाबदारी अत्याचार करणाऱ्यावर न ठेवता, जिच्यावर अत्याचार झाला तिच्या वर्तनात, वेशात, पूर्वायुष्यात किंवा प्रतिकाराच्या अभावात त्याचे कारण शोधण्याची सामाजिक व न्यायालयीन प्रवृत्ती. अत्याचार पुरुषांवर व बालकांवरही होतात आणि त्यांच्याही वाट्याला अविश्वास येतो. तथापि या प्रवृत्तीचा इतिहास मुख्यतः स्त्रियांच्या संदर्भातच घडला आहे. ती केवळ लोकसमजुतीतून आली, असे सामान्यतः मानले जाते. भारतातील कायद्याचा इतिहास पाहता हे अर्धेच खरे ठरते. पीडितेलाच आरोपीच्या जागी उभे करणारी तरतूद एकशेतीस वर्षे पुराव्याच्या कायद्यात होती, तिला पोषक अशी शिकवण वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत होती आणि लोकसमजुतीला या दोहोंतून अधिकृत आधार मिळत गेला.

समजुतीची मुळे : मराठीतील रूढ शब्दच या दृष्टीने बोलके आहेत. ‘अब्रू लुटणे’, ‘शील भ्रष्ट होणे’, ‘अतिप्रसंग’ या शब्दप्रयोगांत अत्याचार करणाऱ्याच्या कृतीपेक्षा स्त्रीने काय गमावले यावर भर असतो. दंड संहितेच्या ३५४ व्या कलमासाठी रूढ झालेला ‘विनयभंग’ हा शब्दही भंगलेली वस्तू स्त्रीच्या ठिकाणी कल्पितो. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ ही म्हण भांडणाविषयीची. ती बलात्कारालाही सर्रास लावली जाते. स्त्रीची अब्रू ही तिची स्वतःची नसून पित्याची, पतीची व जातीची ठेव आहे, असे मानले की ती ठेव सांभाळण्याचे दायित्व स्त्रीवर येते आणि ठेव गेली की जाब रखवालदाराला विचारला जातो.

ही धारणा सर्वकाळ एकमुखी होती, असे मात्र नव्हे. बलात्कार झालेल्या किंवा चोरांच्या हाती सापडलेल्या स्त्रीचा त्याग करू नये, असे वसिष्ठ धर्मसूत्र सांगते. देवलस्मृतीत अपहृत स्त्रियांना शुद्धीनंतर परत स्वीकारण्याची व्यवस्था आहे. शुद्धीची गरज भासते याचा अर्थ दोष चिकटला असे मानले जाते, हे खरे. परंतु त्याग निषिद्ध ठरतो, हेही तितकेच खरे आहे. व्यवहार अनेकदा या वचनांहून कठोर राहिला. १९४७ च्या फाळणीत अपहरण झालेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला आणि त्यांना घरात घ्यावे म्हणून गांधीजी व नेहरू यांना कुटुंबांना जाहीर विनवण्या कराव्या लागल्या.

वसाहतकालीन कायदा : सतराव्या शतकातील इंग्लिश न्यायाधीश मॅथ्यू हेल याने बलात्काराचा आरोप करणे सोपे, सिद्ध करणे कठीण व निर्दोष माणसालाही खोडून काढणे त्याहून कठीण, अशा आशयाचा इशारा लिहून ठेवला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७३६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो इशारा पुढे इंग्लिश परंपरेतील न्यायाधीशांचा जणू पाठ बनला. आरोप करणे सोपे असते, हे विधान तपासून पाहण्याची गरज फारशी कोणास वाटली नाही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने बलात्काराची व्याख्या संमतीच्या आधारे केली; पण दहा वर्षांवरील पत्नीला त्या व्याख्येतून वगळले. कलकत्त्यात सुमारे अकरा वर्षांच्या एका विवाहित मुलीचा पतीच्या संभोगामुळे मृत्यू झाला, तेव्हा या अपवादामुळे पतीवर बलात्काराचा आरोप ठेवता आला नाही. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा बारा वर्षांवर नेली. मुलीची इच्छा काय होती, हा प्रश्न त्या सबंध वादात दुय्यमच राहिला. पुण्यामुंबईतील वाद रंगला तो धर्मात सरकारने हात घालावा की नाही, यावर.

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम १५५ (४) प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होय. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनीतिमान वर्तनाची आहे, असे दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता खोडण्याची मुभा त्याने आरोपीला दिली. याच अधिनियमानुसार आरोपीचे वाईट चारित्र्य मात्र सामान्यतः पुराव्यात आणता येत नसे. चोरीच्या खटल्यात, फिर्यादीने पूर्वी कोणाला आपणहून पैसे दिले होते काय, असे विचारून चोरी झालीच नाही असे कोणी सिद्ध करू पाहत नाही. येथे मात्र तसा युक्तिवाद कायद्यानेच ग्राह्य मानला होता.

न्यायवैद्यकाने त्याला शास्त्राचा आधार पुरविला. भारतातील वैद्यकीय विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाठ्यपुस्तकांवर शिकले, त्यांत खोट्या आरोपांविषयी सावधगिरीच्या सूचना, अंगावरील जखमांचा शोध आणि कौमार्याची लक्षणे यांना मोठे स्थान होते. योनिमार्गात दोन बोटे घालून स्त्री ‘संभोगाला सरावलेली’ आहे की नाही, हे ठरविण्याची चाचणी यांतूनच रूढ झाली. या चाचणीने बलात्कार झाला किंवा नाही हे कळत नाही. तिच्यातून निघणारा निष्कर्ष पीडितेच्या पूर्वायुष्याविषयीचा असे आणि बचाव पक्षाला हवा असे तो नेमका तोच.

देसाईगंज खटला : या सर्व गोष्टी एकत्र आल्या त्या ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील (आता गडचिरोली) देसाईगंज पोलीस ठाण्यात, सुमारे चौदा ते सोळा वर्षे वयाच्या, मोलमजुरी करणाऱ्या एका अनाथ आदिवासी मुलीला चौकशीसाठी आणण्यात आले. तिला फूस लावून पळविल्याची तक्रार तिच्याच भावाने केली होती. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर जाण्यास सांगून मुलीला ठाण्यात थांबवून घेण्यात आले. ठाण्याच्या आवारातच एका पोलीस शिपायाने तिच्यावर बलात्कार केला व दारू प्यालेल्या हवालदाराने तसा प्रयत्न केला, अशी तिची तक्रार होती. दुसऱ्या दिवशी झालेल्या वैद्यकीय तपासणीत अंगावर जखमा आढळल्या नाहीत. बोटांच्या चाचणीचा निष्कर्ष मात्र नोंदविला गेला.

सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोघांना निर्दोष सोडले. संभोग झाला, पण बलात्कार सिद्ध होत नाही. मुलगी संभोगाला सरावलेली व खोटारडी असून आपल्या जोडीदारासमोर सज्जन ठरण्यासाठी तिने आरोप केला, असा त्या निकालाचा आशय होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो फिरविला. भयामुळे निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा भेद उच्च न्यायालयाने केला आणि शिपायाला पाच वर्षांची व हवालदाराला एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकालही रद्द केला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही. प्रतिकार झाला नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निर्णयाचा तर्क होता. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, गणवेशधारी माणसापुढे एक मजूर मुलगी किती प्रतिकार करू शकेल, या प्रश्नाला त्या तर्कात जागा नव्हती.

हा निर्णय विस्मरणात जाता. पण १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरणागती व संमती यांतील फरक, आणि आरोपी व पीडिता यांच्या सत्तेतील अंतर हे त्या पत्राचे मुख्य मुद्दे होत. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय इतक्या उघडपणे तपासला जाणे त्या काळी सामान्य नव्हते. १९८० च्या प्रारंभी मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ ही संघटना उभी राहिली (पुढे तिचे नाव ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ असे झाले) आणि ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रियांनी मोर्चे काढून खटल्याच्या फेरविचाराची मागणी केली. फेरविचार झाला नाही. ज्या मुलीमुळे देशाचा कायदा बदलला, तिला स्वतःला न्यायालयातून काहीही मिळाले नाही.

कायद्यातील बदल : विधी आयोगाचा ८४ वा अहवाल १९८० मध्ये सादर झाला व १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस, तुरुंग, रुग्णालय अशा ताब्यातील स्त्रीवरील बलात्कार हा वेगळा व अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असे पुरावा अधिनियमाच्या नव्या ११४-अ कलमाने ठरविले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरले व सुनावणी बंद दालनात घेण्याची तरतूद झाली. कलम १५५ (४) मात्र या दुरुस्तीतूनही शिल्लक राहिले.

त्याच वर्षी गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पीडितेच्या साक्षीला पुष्टिकारक पुरावा हवाच, हा आग्रह नाकारला. या निर्णयामागील एक कारण विचार करण्यासारखे आहे : भारतीय समाजात बलात्काराची वाच्यता करणारी स्त्री इतकी बदनाम होते, की ती खोटा आरोप करण्याचा संभव कमी, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे जो कलंक अन्याय्य, तोच येथे सत्याची हमी ठरला. जी स्त्री लाजत नाही किंवा जिला समाज आधीच बदनाम मानतो, तिचे काय, हा प्रश्न त्यामुळे उरलाच. त्याचे उत्तर १९९० मध्ये ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर’ या प्रकरणात मिळाले. बदनाम समजल्या जाणाऱ्या स्त्रीलाही खाजगीपणाचा व कायद्याच्या संरक्षणाचा हक्क आहे आणि केवळ त्या कारणावरून तिची साक्ष फेकून देता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

तथापि एका दारातून बाहेर घातलेली समजूत दुसऱ्या दारातून आत येत राहिली. ‘प्रेमचंद विरुद्ध हरियाणा राज्य’ (१९८९) या खटल्यात पोलिसांचा अपराध कायम राहिला. पण पीडितेच्या वर्तनाचा उल्लेख करून दहा वर्षांची किमान शिक्षा पाचवर आणली गेली. दोष ठरविताना न चाललेले चारित्र्य शिक्षा ठरविताना चालले. पंजाबातील एका प्रकरणात कनिष्ठ न्यायालयाने अल्पवयीन पीडितेच्या शीलाविषयी शेरे मारले, त्यांवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कडक टीका केली. कलम १५५ (४) गाळण्याची शिफारस विधी आयोगाने २००० मधील १७२ व्या अहवालात केली आणि २००२ च्या दुरुस्ती अधिनियमाने ते अखेर रद्द झाले.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने एका महिन्याच्या आत अहवाल दिला आणि २०१३ मध्ये कायदा पुन्हा बदलला. संमती ही निःसंदिग्ध व स्वेच्छेने दिलेली असावी लागते आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून ती होती असे मानता येणार नाही, हे आता व्याख्येतच लिहिले गेले. देसाईगंज खटल्यातील तर्क अशा रीतीने पस्तीस वर्षांनी संसदेने खोडला. संमतीच्या प्रश्नावर पीडितेचा पूर्वीचा लैंगिक अनुभव अप्रस्तुत ठरविण्यात आला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत व भारतीय साक्ष अधिनियमात या तरतुदी कायम आहेत. त्याचबरोबर पतीला सूट देणारा जुना अपवादही (पत्नी अठरा वर्षांखालील नसल्यास) कायम आहे.

वैद्यकाच्या क्षेत्रातील बदलात महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. मुंबईतील ‘सेहत’ या संस्थेने २००८ पासून महानगरपालिकेच्या काही रुग्णालयांत पीडितेच्या उपचाराला व संमतीला अग्रक्रम देणारी तपासणीपद्धती रुजविली. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे अध्यापक इंद्रजित खांडेकर यांनी बोटांच्या चाचणीचा अशास्त्रीयपणा दाखवून दिला व तो प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी २०१३ मध्ये पीडितेच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ती वर्ज्य केली आणि तरीही ती चालूच राहिल्याने, ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी धरावे, असे ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले.

कारणमीमांसा व उपाय : पीडितावर दोष टाकण्याच्या प्रवृत्तीला नाव मिळाले ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम रायन याच्या १९७१ मधील ग्रंथामुळे, त्याचा विषय मात्र गरिबी व वर्णभेद हा होता. मेल्विन लर्नर याने १९६६ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की निरपराध व्यक्तीचे दुःख थांबविता येत नसेल, तर पाहणारे त्या व्यक्तीलाच कमी लेखू लागतात. जग न्याय्य आहे, चांगल्याचे चांगलेच होते, हा विश्वास त्यांना टिकवायचा असतो. ‘ती रात्री बाहेर गेली म्हणून’ असे म्हणणाऱ्या शेजारणीला, आपली मुलगी जात नाही म्हणून ती सुरक्षित, असा दिलासा मिळतो. हा दिलासा खोटा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या आकडेवारीनुसार नोंदलेल्या बलात्कारांपैकी नऊदशांशांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा, पुष्कळदा घरातला किंवा शेजारचाच असतो.

मानसशास्त्रीय कारण सर्व समाजांना सारखे लागू पडते. दोष कोणावर किती टाकला जातो, हे मात्र जात, वर्ग व सत्ता यांवर ठरते. राजस्थानात बालविवाहाला विरोध करणाऱ्या एका मागासवर्गीय शासकीय कार्यकर्तीवर १९९२ मध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या खटल्यात आरोपी १९९५ मध्ये सुटले. उच्च जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला स्पर्श करणार नाहीत, या स्वरूपाचा विचार त्या निकालात होता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासंबंधीचा विशाखा निर्णय (१९९७) या घटनेतूनच पुढे आला.

न्यायाधीशांच्या भाषेकडे अलीकडे विशेष लक्ष दिले जात आहे. मार्च २०२१ मध्ये, आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी अशी जामिनाची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि पीडितेचा वेश, वर्तन वा पूर्वायुष्य यांवर भाष्य करू नये, असे निर्देश दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये रूढ साचेबंद शब्दांना पर्याय देणारी पुस्तिकाही प्रसिद्ध केली. त्यानंतरही, मार्च २०२५ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका जामीन-आदेशात, तरुणीने स्वतःच संकट ओढवून घेतले, असे म्हटले गेले व सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल नापसंती व्यक्त केली. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणारा अंमलदार, तपासणी करणारा डॉक्टर व उलटतपासणी घेणारा वकील यांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न याहून मोठा आहे. कारण बहुसंख्य पीडितांचा संबंध वरिष्ठ न्यायालयांशी कधी येतच नाही. ‘तू तेथे का गेलीस?’ हा प्रश्न त्यांना प्रथम विचारला जातो तो बहुधा घरात, आणि दुसऱ्यांदा ठाण्यात.