मांडणीचे जतन : पैठणचा माग आणि संगणक

संगणकावरील एखादा प्रोग्रॅम बंद होताना अक्षरांचा आकार, निवडलेली भाषा, पडद्यावरील रचना अशा वापरकर्त्याने ठरवलेल्या गोष्टी, म्हणजेच त्याच्या सेटिंग्ज, एका स्वतंत्र फायलीत नोंदवल्या जातात आणि तो पुन्हा उघडताच त्या वाचून पूर्ववत लागू केल्या जातात. काम थांबले तरी त्यासाठी केलेली मांडणी मोडू नये, ही या सोयीमागची मूळ गरज होय. आणि ती गरज संगणकाच्या कितीतरी आधी हातमागावरच्या विणकरांना जाणवली होती, हे पैठणच्या विणकामाकडे पाहिले की स्पष्ट होते.

पैठण हे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात या नगराचा आणि तगर म्हणजे आजच्या तेरचा उल्लेख असून तेथील माल भडोच बंदरात जात असल्याचे नोंदवले आहे. पुढे पेशव्यांच्या आणि निजामाच्या आश्रयाने जिचा लौकिक वाढला, ती पैठणी या गावाचे नाव घेऊनच सर्वत्र पोहोचली.

पैठणीच्या मागावर प्रत्यक्ष विणण्याआधीचे काम हेच मोठे जिकिरीचे असते. ताण्याचा, म्हणजे लांबीत ताणलेल्या उभ्या धाग्यांचा, प्रत्येक तंतू आधी वहीच्या डोळ्यातून ओवावा लागतो. वही म्हणजे धागे आळीपाळीने वरखाली करणारी दोऱ्यांची चौकट होय. त्यानंतर तोच तंतू फणीच्या दोन दातांमधून काढावा लागतो, आणि कापडाची रुंदी, वीण किती दाट येणार, काठाची जागा व रंगांचा क्रम हे सारे या ओवणीतच ठरून जाते. ताणा संपला की विणकर जुन्या ताण्याची शेवटची टोके वही-फणीतून काढून टाकत नाही, तर ती तशीच राहू देऊन नव्या ताण्याचा एकेक तंतू त्या त्या जुन्या टोकाला पीळ देऊन किंवा गाठ मारून जोडतो; या कामाला सांधणी म्हणतात. सांधलेला ताणा हळूच पुढे ओढला की सर्व तंतू आपापल्या डोळ्यांतून आणि दातांतून आपोआप पार होतात व पहिली मांडणी जशीच्या तशी परत मिळते. वही-फणी टोकांसह उतरवून बाजूला ठेवता येते आणि त्या मापाचे काम आले की पुन्हा मागावर चढवता येते, म्हणून एकाच मागावर वेगवेगळ्या मांडण्या आलटून पालटून वापरणेही शक्य होते. ही टोके निसटली, तर मात्र सारी ओवणी पहिल्यापासून करावी लागते. संगणकाची सेटिंग्जची फाइल हरवल्यावर प्रोग्रॅम मूळच्या ठरीव मांडणीवर परत जातो. मागाला अशी ठरीव मांडणी नसते, त्यामुळे तेथील नुकसान अधिक मोठे.

पदरावरच्या नक्षीचे जतन मात्र निराळ्या रीतीने होत आले. पैठणीचा पदर टॅपेस्ट्री पद्धतीने विणला जातो, म्हणजे प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या तिल्लीवर, एका लहानशा कांडीवर, गुंडाळलेला असतो आणि तो फक्त आपल्या आकृतीपुरताच फिरून शेजारच्या धाग्यात अडकवला जातो. त्यामुळे कापडाच्या उलट बाजूला धागे लोंबत नाहीत. मोर, मुनिया किंवा आसावलीची वेल किती तंतू सोडून कोठे वळते, हे विणकर मोजून ठरवतो. म्हणजे ताण्याची मांडणी मागात राहिली, पण नक्षीची आठवण माणसात राहिली. सुमारे 50 किलोमीटरवरच्या तेव्हाच्या औरंगाबादेत हिमरू हे कापड विणताना जाळ्याचा, म्हणजे नक्षीनुसार ताण्याला बांधलेल्या दोऱ्यांचा, उपयोग होई. तेथे नक्षी मागालाच बांधलेली असे.

जाळ्यासारख्या दोऱ्यांच्या मागांवर मदतनीस दोऱ्या ओढीत असे. त्याचे हे काम फ्रान्समधील ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने 1804च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांकडे सोपवले. त्याच पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली, आणि 1890च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलेरिथने छिद्रित पत्रांवर माहिती साठवून ती यंत्राकडून वाचून घेतली. पुढे विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांमध्ये सेटिंग्ज साध्या मजकुराच्या ‘आयएनआय’ फायलींत राहत, आणि विंडोज 95मध्ये रजिस्ट्री नावाच्या एकत्रित साठ्याला महत्त्व आले. विणकामाचा हा वारसा संगणकाच्या इतिहासात सांगितला जातो तो जॅकार्डच्या नावाने. सांधणीचे नाव त्यात येत नाही, आणि ती उणीव भरून निघायला हवी, कारण नक्षी साठवणे आणि मांडणी राखणे ही दोन वेगळी कामे आहेत व सेटिंग्जचे नाते दुसऱ्याशी अधिक जवळचे आहे.

माणसात राहिलेली आठवण आश्रय आटला की विरू लागते. राजाश्रय ओसरल्यावर पैठणमधील मागांची संख्या रोडावली, आणि पुनरुज्जीवनाच्या प्रयत्नांत जुन्या पैठण्या व अजिंठ्याची चित्रे यांवरून नक्ष्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. आज संगणकावर आखलेली आकृती फायलीत साठवून हवी तेव्हा उघडता येते, आणि हा मोठाच आधार आहे. तरीही एखाद्या जुन्या पैठणीचे नुसते छायाचित्र काढून भागत नाही. इंचाला किती तंतू, फणीच्या एका घरात किती, काठाला वीण कोठून दाट होते, हे मोजून नोंदवले असेल तरच ती नक्षी दुसऱ्या विणकराला मागावर पुन्हा उतरवता येईल.