हजेरीपटांतून निसटलेला मासा

शाळेंत हजेरी घेण्यांत माझें आयुष्य गेलें. मुलांचीं नुसतीं डोकीं मोजून भागत नाहीं, नांवें पुकारावीं लागतात, हें मी त्यांतून शिकलों. एक मुलगा जावा, दुसरा यावा. बेरीज तीच राहते आणि गेलेल्याची कोणी चौकशी करीत नाहीं. ब्रिटनच्या समुद्रांतील एका माशाच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें.

त्या माशाचें नांव स्केट. आपल्या कोंकणांतील पाकटाचा हा दूरचा भाऊबंद. तसाच चपटा, पसरट, दोन मीटरांहूनहि अधिक लांब वाढणारा. लिनीयसनें १७५८ मध्यें त्याची शास्त्रीय नोंद केली. तो इतका मुबलक होता कीं, इंग्रजींत त्याला 'कॉमन', म्हणजे 'नेहमींचा', असेंच विशेषण लागलें. परंतु त्याची वाढ मंद. मादी १० वर्षें उलटून गेल्यावरच वयांत येते आणि वर्षाकाठीं सुमारें ४० अंडीं घालते. कॉडची मादी तीं लाखांनीं घालते. शिवाय स्केटचें पिल्लूं जन्मतःच इतकें रुंद असतें कीं, जाळ्यांत आलें म्हणजे तें सहसा निसटत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेचे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडूं लागले. बंदरांत स्केट आणि त्याचे जातभाई एकाच नांवानें विकले जात. सरकारी वह्यांतहि सर्वांची नोंद एकाच मथळ्याखालीं होई. मोठे मासे संपत गेले, तरी लहान जातींच्या भरीमुळें एकूण आंकडा फारसा हालला नाहीं. अखेर १९८१ मध्यें ब्रँडर या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, आयरिश समुद्रांतून हा 'नेहमींचा' मासा जवळजवळ नाहींसा झाला आहे.

पुढें दुसरी चूक उघडकीस आली. १९२६ मध्यें क्लार्क यांनीं ज्या दोन जाती एकच मानल्या होत्या, त्या २०१० च्या सुमारास संशोधकांनीं पुन्हां निराळ्या ठरविल्या. म्हणजे हजेरीपटावर एका नांवामागें दोघे उभे होते!

युरोपीय संघानें २००९ पासून हा मासा बंदरांत उतरविण्यास मनाई केली आणि जातवार नोंदीचा आग्रह धरला. स्कॉटलंडनें २०१४ मध्यें पश्चिम किनाऱ्यावरील एक टापू त्याच्यासाठीं राखला. २०२१ मध्यें स्काय बेटाजवळील अंडीं घालण्याची जागाहि तातडीनें संरक्षित केली. तीं अंडीं फुटावयास सुमारें दीड वर्ष लागतें. इतक्या संथ जिवाची भरपाई घाईनें होणारी नव्हे.

कायदा माशाला वांचवूं शकेल; पण तो हरवला आहे हें आधीं कळावयास हवें, आणि त्यासाठीं पटावर प्रत्येकाचें नांव निराळें हवें.