गुरुवारचा आकडा

आमच्या वाड्यात गुरुवारला पूर्वीपासून मान आहे. आरती, उपवास आणि पेढ्यांचा पुडा एवढ्या भांडवलावर हा वार आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सुखाने नांदत आला. परंतु २०२१ च्या जून महिन्यात त्याच्यामागे आणखी एक काम लागले. दुपार कलली, की रविवार पेठेतल्या पुतण्याचा फोन ठरलेला : "काका, आकडा आला का हो?" पुतण्याचे भांड्यांचे लहानसे दुकान आहे. लग्नसराई टाळेबंदीत गेलेली, दोन नोकरांचे पगार डोक्यावर, आणि येत्या सोमवारपासून दुकानाला दुपारी चारलाच कुलूप लावावयाचे की रात्रीपर्यंत दिवे जाळावयाचे, हे त्या आकड्यावर ठरावयाचे. माझी नात तेव्हा सातवीत होती. शाळा घरातच भरत असल्यामुळे तिच्या गणिताला गिऱ्हाईक नव्हते. ती वही घेऊन पुढे सरसावे आणि आपल्या काकाचे भवितव्य शेकडेवारीत मांडून दाखवी.

वाचक म्हणतील, चिवड्या-चकलीच्या ताटाशेजारी हा रोगराईचा विषय कशाला? कारण एवढेच, की माणसाच्या दारावर बंधन घालावयाचे ते कोणी आणि कोणत्या मापाने, हा प्रश्न आमच्या पुण्याने दोनदा सोडवावयास घेतला. एकदा १८९७ साली आणि पुन्हा १२३ वर्षांनी. दोन्ही वेळा हाताशी कायदा एकच होता. आणि पहिल्या वेळचा हिशेब आमच्या घरात, माझ्या आजीच्या मनात, तिच्या मरणापर्यंत उघडा राहिला होता.

मुंबईत मांडवी भागात प्लेगचा रोगी डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. साथ हां हां म्हणता पसरली आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा अस्तित्वात आला. कायदा कसला, उणीपुरी चार कलमे! नेहमीचे कायदे अपुरे पडत आहेत असे वाटले, तर सरकारने हवे ते तात्पुरते नियम करावे, हे त्यातले मुख्य कलम. आणि ह्या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर कोणाला दावा लावता येणार नाही, हे शेवटचे. किती रोगी झाले म्हणजे किती कडक व्हावयाचे, आणि थांबावयाचे केव्हा, ह्याबद्दल त्या चार कलमांत एक अक्षरही नाही.

पुण्यात त्या कायद्याचा अंमल तिघांच्या समितीकडे आला. अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड हे सनदी अधिकारी. त्यांच्या जोडीला एक सेनाधिकारी आणि एक लष्करी डॉक्टर. ज्यांची घरे तपासावयाची, त्या पुणेकरांपैकी समितीत एकही नव्हता. १३ मार्च १८९७ रोजी गोऱ्या सोजिरांची पथके पेठांतून घरे तपासू लागली. त्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगाने गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतले एक आजारी मूल उचलून त्यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत ह्यांच्या दवाखान्यात पोचवले आणि तो रोग त्यांनाच जडला. रोगी शोधण्याच्या ह्या दोन रीती एकाच शहरात, एकाच आठवड्यात दिसाव्या, हा योग मला विलक्षण वाटतो.

माझी आजी त्या वेळी नऊ वर्षांची होती. तिच्या सहा वर्षांच्या भावाला ताप भरला आणि काखेत गाठ आली. घरातल्या बायामाणसांनी त्याला माळ्यावर नेऊन शेणींच्या राशीमागे घोंगडीवर निजवले. खोकू नको, म्हणून बजावले. पथक आले. देवघरापर्यंत बूट वाजले. कोणीतरी दुभाषा होता, त्याने मोठ्या माणसांना सोडून नेमके ह्या पोरीलाच विचारले, "वर कोण आहे गं?" तिने मान हलवली. पथक निघून गेले.

मुलगा तिसऱ्या रात्री गेला. पंधरा दिवसांच्या आत तिची आई गेली आणि मागोमाग काकूही. माझ्या लहानपणी, म्हणजे १९५६-५७ च्या सुमारास, आजी हे सांगे तेव्हा तिचे हात वातीच वळत असत. "अरे, मी खोटं बोलले नसते तर आई राहिली असती," एवढे म्हणून ती थांबे. आम्हां मुलांना त्यावर काय बोलावे ते कळत नसे.

मोठेपणी इतिहास शिकवू लागलो तेव्हा मी तिच्या त्या वाक्यामागे लागलो. घरझडती १९ मेपर्यंत चालली. तोवर तपासलेल्या घरांची बेरीज दोन लाख अठरा हजारांवर गेली होती. एकेका घरात पथक पुनःपुन्हा शिरले, म्हणून हा आकडा एवढा फुगला. त्यात सापडले किती? रोगी ३३८ आणि प्रेते ६४. म्हणजे सुमारे साडेसहाशे घरांचे उंबरठे ओलांडावे, तेव्हा एक रोगी मिळावा. आमच्यासारखे माळे त्या शहरात किती असतील, ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा.

शास्त्राची बाजू पाहिली तर आणखी गंमत, म्हणजे दुःखाची गंमत, दिसते. प्लेगचा जंतू यर्सिनने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला होता. पण तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसांत येतो, हे सिमाँने कराचीत दाखवले ते १८९८ साली. म्हणजे पुण्यात माणसे बाहेर काढली जात होती, कपडे जाळले जात होते, भिंतींना चुना फासला जात होता, आणि ह्या सगळ्या धांदलीत उंदीर ह्या घरातून त्या घरात मोकळे हिंडत होते. उन्हाळ्यात साथ ओसरली, परंतु त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ती पुन्हा उलटली. तेव्हा आजीचा भाऊ माळ्यावर होता म्हणून तिच्या आईला प्लेग लागला, असे बहुधा नव्हते. रोग घराच्या कुडांतच होता. त्या दिवसांत जी कुटुंबे घर सोडून रानात झोपड्या बांधून राहिली, त्यांतली पुष्कळ वाचली. आमच्या घरच्यांना तसे निघता आले नाही, कारण लपवलेले मूल पाठीशी घेऊन वेशीबाहेर कसे पडावयाचे? दोष त्या नऊ वर्षांच्या पोरीचा नव्हता. खरे सांगितले तर आपल्या माणसाचे काय होईल, हे ज्या घराला कोणी धड सांगितलेले नसते, ते घर खोटेच बोलते.

रोग आवरावा ह्याबद्दल लोकमान्य टिळकांचा वाद नव्हता. ते शहर सोडून गेले नाहीत. हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांची तक्रार होती ती रीतीबद्दल. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मरण पावला. टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सजा झाली आणि चापेकर बंधू फासावर गेले. पुढील काही वर्षांत सरकारने सक्तीचा हात पुष्कळ सैल केला, तो एवढी किंमत मोजून झाल्यावर.

मग माप आधी ठरवून, ते लोकांपुढे ठेवून बंधने घालण्याची रीत त्या काळी जगात नव्हतीच की काय? होती, आणि बरीच जुनी होती. लंडन शहरात सतराव्या शतकात दर आठवड्याच्या मृत्यूंचा तक्ता छापून विकला जाई. आठवड्यात प्लेगाने तीस, आणि पुढे चाळीस, माणसांहून अधिक दगावली की नाटकगृहे बंद, असा तेथे दंडक होता. नाटकवाल्यांचे पोट त्या तक्त्यावर अवलंबून. आणि तो तक्ता लोकांच्या हाती पडावयाचा वार कोणता? गुरुवार! अर्थात मापातही खोट असे. त्या तक्त्यांचा अभ्यास करून जॉन ग्राँटने १६६२ साली दाखवले, की प्लेगाचे पुष्कळ मृत्यू भलत्याच रोगांच्या नावावर मांडलेले होते. लंडनलाही माळे होतेच म्हणावयाचे.

आता आपल्या काळाकडे येतो. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रोगी आढळले ते पुण्यातच. त्याच आठवड्यात राज्य सरकारने १८९७ चा तो चार कलमांचा कायदा पुन्हा कपाटातून काढला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. मे महिन्यात केंद्राने जिल्ह्यांना तांबडा, नारिंगी आणि हिरवा असे रंग दिले. १३० जिल्हे तांबडे ठरले, त्यांत पुणे होते. रंग कळला, पण तो उतरावयाचा कसा, हे सामान्य माणसाला घरबसल्या मोजता येत नव्हते.

ते मोजमाप हाती आले ४ जून २०२१ च्या आदेशाने. दोनच मापे. तपासलेल्या शंभर नमुन्यांत बाधित किती, हे पहिले. आणि प्राणवायूच्या शंभर खाटांपैकी भरलेल्या किती, हे दुसरे. बाधित ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांच्या आत भरलेल्या, तर पहिला स्तर. व्यवहार जवळजवळ नेहमीसारखे. बाधित तेवढेच, पण खाटा २५ ते ४० टक्के, तर दुसरा. बाधित ५ ते १०, किंवा खाटा ४० च्या वर, तर तिसरा. दुकाने दुपारी चारपर्यंत, आणि शनिवार-रविवारी फक्त जीवनावश्यक वस्तूंची. बाधित १० च्या वर किंवा खाटा ६० च्या वर गेल्या की चौथा. पुतण्याची भांडी जीवनावश्यक नसल्यामुळे त्याचे दुकान बंदच. आणि २० किंवा ७५ ओलांडले की पाचवा. त्या मुलखातून बाहेर पडावयास परवाना. दर गुरुवारी आरोग्य खात्याने आकडे जाहीर करावे, त्यावरून जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने स्तर ठरवावा आणि सोमवारपासून तो लागू व्हावा, अशी ही योजना. मुलूखही वाटून दिलेला : पुणे महानगरपालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळी, उरलेला जिल्हा वेगळा.

नातीने ह्या योजनेची पहिल्याच आठवड्यात परीक्षा घेतली. "आजोबा, हजार लोक तपासले आणि पन्नास निघाले तर पाच टक्के. पण पाचशेच तपासले आणि पन्नास निघाले तर दहा टक्के. मग आजारी तितकेच असून स्तर कसा बदलला?" प्रश्न बिनतोड होता. खोकणाऱ्यांनाच तपासले तर आकडा चढतो, धडधाकटांच्या रांगा लावल्या तर उतरतो. म्हणून तर दुसऱ्या मापाची, खाटांची, जोड हवी. खाटेवरचा माणूस मोजणीत लपत नाही. आणि मोजणीबाहेर किती माणसे राहतात, हे पुण्याला आधीच कळून चुकले होते. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये शहरातल्या पाच प्रभागांत १,६६४ जणांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्यांहून अधिकांच्या, म्हणजे ५१.५ टक्क्यांच्या, अंगात रोग येऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. बहुतेकांना पत्ताही नव्हता. ह्या वेळचा माळा असा प्रत्येकाच्या शरीरातच होता.

सीमारेषेचाही प्रश्न होता. हॅरिस पुलाच्या ह्या अंगाला बोपोडी, त्या अंगाला दापोडी. मधे मुळा नदी. रोगाला पूल ओलांडावयास परवाना लागत नाही, पण नियमाला कोठेतरी थांबावेच लागते. शिवाय माप मधेच बदलले. २५ जूनच्या आदेशाने झटपट चाचण्या हिशेबातून काढून आर.टी.पी.सी.आर. तेवढी मोजावयाची ठरली, आणि विषाणूच्या नव्या रूपाच्या भीतीने कोणालाही तिसऱ्या स्तराच्या खाली उतरू द्यावयाचे नाही असे ठरले. २ ऑगस्टला राज्यातल्या २५ जिल्ह्यांना सवलत मिळाली. ज्या ११ जिल्ह्यांना मिळाली नाही, त्यांत पुणे होते. शहरातले आकडे उतरले असताना आम्हांला जिल्ह्याच्या दावणीला का बांधता, म्हणून व्यापारी रस्त्यावर आले. पुतण्याही गेला होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानांची वेळ रात्री आठपर्यंत वाढली.

त्या रात्री तो घरी आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "तू भांडलास हे बरे केलेस. पण कशाच्या जोरावर भांडलास ते ध्यानात आले का?" तो म्हणाला, "आकड्याच्या, काका. त्यांचाच आकडा त्यांना दाखवला." मला ह्या दोन्ही साथींच्या इतिहासातले सार ते हेच वाटते. माप अचूक होते असे मी म्हणत नाही. छेद कोणता धरावा, हद्द कोठे आखावी, ह्यात चुका होत्या. पण माप उघड्यावर होते. सातवीतल्या पोरीला ते तपासता येत होते, दुकानदाराला त्यावर भांडता येत होते, आणि भांडण हरले तरी सोमवारचे कुलूप कशासाठी लावतो आहोत हे कळत होते. माझ्या आजीला तिच्या उंबरठ्याचा हिशेब कोणी दाखवला नाही. तिच्या वाट्याला फक्त प्रश्न आला, आणि त्या प्रश्नाला एका पोरीने भिऊन दिलेले उत्तर साठ-सत्तर वर्षे तिच्याबरोबर राहिले.

राज्यातले सगळे निर्बंध उठले ते १ एप्रिल २०२२ पासून. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. घोषणा झाली ३१ मार्चला, आणि तो वारही गुरुवारच. संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोन वाजला.

"काका, आता गुरुवारी फोन करायला नको ना?"

"कर की," मी म्हणालो. "आणि येताना पेढे आण. वार तुझा नव्हे, तो मुळात त्यांचाच आहे."