जंगली अद्रक नसतेच!

तर झालं असं. एका शुक्रवारी टीम कॉल संपल्यावर अमेरिकेतला कलीग कॅमेरा फिरवून त्याची बाग दाखवायला लागला. मेपलच्या दाट सावलीत, जमिनीलगत, गुळवेलीच्या पानांसारखी हिरवीगार पानं. "वाइल्ड जिंजर!" तो अभिमानाने म्हणाला. मी मनात म्हटलं, ही कसली अद्रक? (आम्ही नांदेडची मंडळी. पुण्यात लोक 'आलं' आणतात, आमच्याकडे अद्रक आणतात.)

वीकेंडला शोधलं. त्या झाडाचं नाव असारम. आपल्या अद्रकीशी त्याचं नातं शून्य, फक्त मुळाचा वास थोडा तसा. युरोपातून तिकडे गेलेल्या लोकांनी खरं आलं मिळेना म्हणून त्याची मुळं वापरली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं, मूत्रपिंडाला घातक. म्हणजे बघायला छान, चहात अजिबात नको.

मग पुढचा प्रश्न आला. आपल्या खऱ्या अद्रकीचं जंगली रूप कुठे आहे? उत्तर वाचून मी उडालोच: कुठेच नाही! तिचे चुलतभाऊ सह्याद्रीत रानात उगवतात, पण स्वयंपाकघरातली अद्रक रानटी अवस्थेत सापडत नाही. तिला बीही जवळपास धरत नाही. कंदाचा तुकडा मोडायचा, लावायचा, पुढच्या वर्षी परत तेच. म्हणजे आज चहात किसलेला तुकडा हा मागच्या वर्षीच्या तुकड्याचा तुकडा, आणि असं मागे मागे हजारो वर्षं. मध्ये एक वर्ष लावायला कुणी नसतं, तर ती साखळी तिथेच तुटली असती.

म्हणून अद्रकीचा इतिहास म्हणजे ती नेणाऱ्या माणसांचा इतिहास. संस्कृतात तिची दोन नावं. ओली ती आर्द्रक, त्यावरून आपली अद्रक. दुसरं शृंगवेर, म्हणजे शिंगासारखी. हे दुसरं नाव व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेलं, ग्रीकांकडे झिंगिबेरिस झालं आणि इंग्रजीत येईपर्यंत जिंजर. १८०७ साली विल्यम रॉस्को या लिव्हरपूलच्या गृहस्थाने तिला झिंजिबर ऑफिसिनाले हे आजचं शास्त्रीय नाव दिलं. त्याआधीच सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिचे कंद कॅरिबियन बेटांवर नेऊन लावले होते.

मला सगळ्यात आवडलेला साक्षीदार मात्र इब्न बतूता. १३४२ मध्ये तो दिल्लीहून चीनला निघाला. वाटेत आपल्या दौलताबादला थांबला, पुढे कालिकतला पोचला. तिथे उभ्या असलेल्या चिनी जहाजांबद्दल त्याने लिहिलंय की खलाशी जहाजावरच लाकडी टाक्यांमध्ये भाजीपाला आणि अद्रक लावतात. म्हणजे समुद्रात कुंडीतली अद्रक, पावणेसातशे वर्षांपूर्वी! आणि आज त्याच दौलताबादच्या शेजारी, खुलताबाद-कन्नड भागात, शेतकरी ठिबकवर अद्रकीचं पीक घेतात.

आता आमची गोष्ट. नांदेडच्या जुन्या घरी न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे आजीचा वाफा होता. लिंबाची सावली, कडेला अळू, मध्ये अद्रक. मराठवाड्याचं ऊन तिला सोसत नाही, म्हणून सावली. शेतातही लोक अद्रकीत एरंडी लावतात ते याचसाठी. आजी गेली, घर विकलं आणि वाफ्यावर फरशी बसली. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही की त्यातला एक गड्डा काढून ठेवावा.

पण माझ्या लातूरच्या आत्याने फार आधी, माहेरपणाला आली असताना, दोन गड्डे पिशवीत घालून नेले होते. अकरावी-बारावीला मी तिच्याकडेच राहायचो (लातूर पॅटर्न!). २०१६ चा उन्हाळा. एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. घरात घागरी मोजून वापरायचो. त्या दिवसांत आत्या तांदूळ धुतलेलं पाणी नेऊन अद्रकीच्या कुंडीत ओतायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "आत्या, दहा रुपयाला बाजारात मिळते गं." ती म्हणाली, "बाजारातली बाजारातली असतीय. ही आईची हाय."

तेव्हा मला ते भाबडेपण वाटलं होतं. आता कळतं की ती शब्दशः खरं बोलत होती. कंदातून आलेलं झाड म्हणजे तेच झाड.

माझ्याकडे आता त्यातल्याच तीन कुंड्या आहेत, पुण्यात, पूर्वेच्या बाल्कनीत. करायचं फार नसतं. अक्षय्य तृतीयेच्या आसपास दोन डोळे असलेला तुकडा घ्यायचा, डोळा वर ठेवून दोन बोटं खोल लावायचा. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको. माती ओलसर हवी, पण पाणी साचलं की कंदकूज झालीच समजा. कंद उघडे पडले तर मातीची भर द्यायची. आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून वाळली की काढायची. आणि हे महत्त्वाचं: सगळी खायची नाही. चांगले गड्डे कोरड्या वाळूत, सावलीत, पुढच्या वर्षासाठी.

मागच्या वर्षी एक गड्डा शेजारच्या काकूंना दिला, एक हैदराबादच्या मित्राला. माझी कुंडी कुजली तर कुठेतरी असावी, म्हणून. आपल्या भाषेत बॅकअप. आजी तर प्रत्येक लेकीबाळीच्या पिशवीत घालायची, बॅकअप हा शब्दही न ऐकता.

असो. या वर्षीही दोन-तीन गड्डे जास्तीचे निघतील. पुण्यात कुणाला हवे असतील तर सांगा. अट एकच, सगळे चहात घालायचे नाहीत.