वेदी आणि दिवाणखाना : सासष्टीच्या लग्नाचा पूर्वेतिहास

सासष्टीतील ख्रिस्ती घराण्यात लग्न ठरले, म्हणजे त्याची आखणी दोन ठिकाणी आणि दोन निरनिराळ्या अधिकारांखाली सुरू होत असे : एक इगर्जीत, जेथे विधीचा प्रत्येक शब्द धर्मपीठाने बांधून दिलेला होता, आणि दुसरी घरात, जेथे आजी, मामा आणि बांगड्या भरणारा कासार यांचा शब्द चाले. गोव्याच्या लग्नाचा प्राण या दोहोंपैकी कोठे जपला गेला असे कोणी विचारले, तर मी निःसंकोचपणे घराकडे बोट दाखवीन.

इगर्जीचा कायदा स्पष्ट होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली असे फर्मावले की, पाद्री आणि किमान दोन साक्षीदार यांच्या समक्ष झाल्यावाचून विवाह ग्राह्य धरू नये, आणि तत्पूर्वी लागोपाठ तीन सणवारी मिसेच्या वेळी वधूवरांची नावे पुकारून कोणाची हरकत असल्यास ती मागवावी. आगमनकाळापासून एपिफनीपर्यंत आणि राखेच्या बुधवारापासून ईस्टरनंतरच्या आठवड्यापर्यंत लग्नाचा थाटमाट वर्ज्य ठरल्यामुळे, जानेवारी ते उपवासकाळाचा आरंभ एवढ्या आखूड मुदतीत किंवा मग ईस्टर उलटल्यावर पावसाआधी सोहळा बहुतेक वेळा उरकावा लागे. पुढे नागरी नोंदणीही आली. आजही वधूवरांना आधी सरकारी दप्तरात आपला मनोदय नोंदवून दाखला घ्यावा लागतो, मग वेदीपुढे उभे राहता येते.

घरातले विधी मात्र अशा कोणत्याच फर्मानाने जन्मले नव्हते, आणि फर्मानाने मेलेही नाहीत. धर्मन्यायपीठाने, ज्याला आपण इन्क्विझिशन म्हणतो, १७३६ साली काढलेल्या जाहीरनाम्यात लग्नप्रसंगी पानसुपारी व फुले पाठविणे, अंगाला हळद-तेल चोळणे, ओव्या गाणे, देशी वाद्ये वाजविणे अशा कित्येक गोष्टींना मनाई केली. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ सालच्या ग्रंथामुळे ही निषेधांची मालिका पुष्कळांना परिचित झाली. मला ती वाचताना दरवेळी असे वाटते की, मना करणाऱ्याने नकळत एका संस्कृतीची तपशीलवार यादीच करून ठेवली. न्यायपीठ १८१२ साली कायमचे उठले. परंतु लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाचा रस काढून तो वधूवरांच्या डोक्याअंगाला चोळण्याचा ‘रोस’ सासष्टीत अद्याप होतो, बायका भोवती उभ्या राहून ओव्या म्हणतात, आणि मामाच्या घरून येणारा चुडा कासार वधूच्या हातात भरतो. हा चुडा पतीच्या निधनानंतर त्याच्या शवपेटीवरच फोडावयाचा असतो, हे ऐकून देशावरच्या कोणत्या स्त्रीला आपल्या घरची आठवण होणार नाही! वेदीपुढे शुभ्र पोशाखात उभी राहिलेली वधू सासरी जाते ती सासरकडून आलेला तांबडा ‘साडो’ नेसून.

हे सारे ज्या वास्तूंत घडले, त्या लोटली, चांदोर, कुडतरी या गावांतल्या मोठ्या घरांची रचनाच जणू अशा दिवसासाठी केलेली होती. पायऱ्या चढून गेल्यावर पाहुण्याला टेकू देणारे बाल्कांव, शिंपल्यांच्या पातळ तबकड्या बसविलेल्या आणि दुपारचा उजेड दुधाळ करून आत सोडणाऱ्या खिडक्या, घरातलेच देवघर, आणि समोरासमोर खुर्च्यांच्या ओळी मांडता येतील असा लांबरुंद दिवाणखाना. चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझा घराण्याच्या वाड्यातले नृत्यदालन प्रसिद्धच आहे. १७८७ साली डीन जुझे पावलु द आल्मैदा यांनी केपे येथे कुशावतीच्या काठी बांधलेला प्रासाद तर इगर्जीच्या अगदी समोर उभा आहे. अशाच दिवाणखान्यांत एकोणिसाव्या शतकात ‘मांडो’ हा गीतनृत्याचा प्रकार वाढला : व्हायोलिन आणि घुमट या तालवाद्याच्या संथ लयीवर, हाती पंखा घेतलेल्या स्त्रिया आणि समोर पुरुष, जवळ येत, मागे सरत. लोटलीचे तोर्क्वातु द फिगेरेदु (१८७६–१९४८) हे त्याच्या श्रेष्ठ रचनाकारांपैकी एक.

ही घरे भाटकारांची, म्हणजे जमीनमालकांची होती, आणि लग्नाचा मांडव, पाणी, लाकूडफाटा वाहणारे हात मुंडकारांचे, म्हणजे त्यांच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचे होते, हे सांगितल्यावाचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. १९७५ च्या कायद्याने मुंडकारांना राहत्या जागेचे संरक्षण मिळाले, पुढल्याच वर्षी कुळकायद्यातील दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन मिळाली. हे न्याय्यच झाले. परंतु भाताच्या खंडावर उभी राहिलेली छपरे त्यानंतर कशावर टिकवावयाची, हा प्रश्न वारसांपुढे उरला, आणि त्याचे एक उत्तर म्हणून काही घरांचे दरवाजे परक्यांच्या समारंभांसाठी मोल घेऊन उघडले. याचा मला विषाद वाटत नाही. कुलूपबंद घराला वाळवी खाते. मेजवानीच्या निमित्ताने का होईना, कौले परतली जातात आणि शिंपल्या पुन्हा बसविल्या जातात.

अशा घरात स्वागतसमारंभ योजणाऱ्या वधूवरांस मात्र माझे आग्रहाचे मागणे आहे. ते घर केवळ छायाचित्राची पार्श्वभूमी म्हणून घेऊ नका. आदल्या दिवशी रोसही तेथेच करा, ओव्या जाणणाऱ्या म्हाताऱ्यांना गावातून सन्मानाने बोलवा, आणि ध्वनिक्षेपक लावण्यापूर्वी निदान एक मांडो घुमटावर होऊ द्या.